फायरवॉलची खंडेनवमी

आमच्या ओट्यावर वायफाय चांगलं लागतं, हे यवतमाळात आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि ही बातमी पसरवली माझ्या सासूबाईंनी. त्यांना मी बाई म्हणते. वय ऐंशीच्या पुढं. सारा जन्म कळंबजवळच्या खेड्यात, वावरात गेला. दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं, हा त्यांचा नेम, आणि गेल्या काही वर्षांत पाण्यामागोमाग वायफाय. "ये बापा, बस. वायफाय टाकलं का?" इंग्रजी वाचता येत नाही, पण पासवर्ड तोंडपाठ. दूधवाला झाला, सिलिंडरवाला झाला, समोरच्या घरात भाड्यानं राहणारी कॉलेजची पोरं झाली, सगळे आमच्या ओट्यावर माना खाली घालून बसलेले. मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, वायफाय म्हणजे काय विरजण आहे, मागेल त्याला वाटीभर द्यायला?"

"देल्ल्यानं कमी होते का?" त्या म्हणाल्या.

होत होतं कमी. पण ते त्यांना दिसत नव्हतं, आणि मला दाखवता येत नव्हतं.

माझी सून पुण्याच्या एका कंपनीचं काम आमच्या घरी बसून करते. मुलगा इथंच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. नात दोन वर्षांची. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी सून कंपनीचा मेल घेऊन स्वयंपाकघरात आली. गल्लीतल्या कुणाच्या तरी मोबाइलात नाहीतर लॅपटॉपात व्हायरस होता, आणि तो आमच्या वायफायवर बसून तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपची दारं ठोठावत होता. कंपनीनं ते पकडलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तिच्या कामासाठी घरात वेगळी लाइन करा, त्या लाइनीवर राखणीची सोय करा, आमचा माणूस तपासून पाहील. नाही जमलं तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा.

पुण्यात बसायचं म्हणजे नात तिच्याबरोबर जाणार. मुलाची नोकरी इथली, तो इथं राहणार. पोर तिथं दिवसभर पाळणाघरात. मी उगाच गोलगोल बोलत नाही. मला नातीला जाऊ द्यायचं नव्हतं. सुनेलाही जायचं नव्हतं. ती म्हणाली, "आई, काहीतरी करा," आणि तिचे डोळे भरून आले, तेव्हा मी गॅस बंद केला आणि पदर खोचला.

मुलगा म्हणाला, या राखणीला फायरवॉल म्हणतात, ती तयार मिळते, मागवून घेऊ. मी म्हटलं, काखेत कळसा अन् गावाला वळसा! घाटंजीला माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. तालुक्यातल्या किती पोरापोरींना मी माउस धरायला शिकवलं ते मलाच माहीत नाही. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि क्लास बसला. तिथले तीन कॉम्प्युटर आमच्या मागच्या खोलीत तुरीनं भरलेल्या कट्ट्यांमागं पडून होते. भंगारवाल्याला द्यायला माझा जीव होत नव्हता, आणि घरातले सगळे त्यावरून मला हसत होते. हसा म्हटलं, हसा.

तिन्ही उघडले. एकात पाल वाळून कडक झालेली, दुसऱ्यात मुंग्यांनी घर केलेलं. तिसरा बरा होता. बाकीच्या दोघांतली रॅम काढून त्यात घातली. रॅमच्या पट्ट्या चालेनात, तेव्हा नातीच्या चित्राच्या डब्यातलं खोडरबर घेऊन त्यांचे पितळी दात घासले. क्लासमध्ये हाच इलाज करत असे मी. चालल्या! इंटरनेटची तार जिथं टोचतात ती कार्डंही त्या दोघांतून काढून यातच बसवली. आतला घड्याळाचा सेल नवा टाकला. फायरवॉलचा प्रोग्राम फुकट मिळतो, तो पेनड्राइव्हवर उतरवला आणि चढवायला बसले. पहिल्यांदा अर्ध्यात अडकला. दुसऱ्यांदा मीच चुकीच्या डिस्कवर हो म्हटलं. सून शेजारी बसून यूट्यूबवर बघून सांगत होती, मी तिला गप्प बस म्हणत होते आणि मग तिनं सांगितलेलंच करत होते. अखेर चढला एकदाचा.

त्याचं काम समजायला सोपं आहे. बाहेरून इंटरनेटची तार येते, ती थेट घरात न जाता आधी या कॉम्प्युटरमध्ये शिरते. तो बघतो, कोण आलं, कुठं चाललं, जाऊ द्यायचं की नाही. मग दुसऱ्या तारेनं पुढं सोडतो. एक वाट फक्त सुनेच्या कामाची. दुसरी घराची. आणि तिसरी वाट मी जुना राउटर जोडून ओट्यासाठी काढली, कारण गल्लीला एकदम तोडून टाकलं असतं तर बाईंनी मला घरातून काढलं असतं. ओट्यावरच्या वाटेनं इंटरनेटवर जाता येतं, पण सुनेच्या लॅपटॉपकडं मान वळवता येत नाही. पासवर्ड वेगवेगळे केले. बाईंना फक्त ओट्याचा सांगितला.

तार आमच्या घरात बाईंच्या खोलीतून शिरते, म्हणून तो डबा तिथंच, देवघराशेजारी स्टुलावर ठेवला. ना टीव्हीसारखा पडदा, ना कीबोर्ड. नुसता डबा, आणि आत पंख्याची घरघर. बाई त्याच्याकडं बघत बसल्या.

"हे काय करते वो?"

"राखण करते," मी म्हटलं. "कोणी वाकडंतिकडं आलं तर घरात शिरू देत नाही. हत्यारच समजा घरातलं."

मला काय माहीत, माझंच बोलणं माझ्या गळ्यात येणार!

कंपनीच्या माणसानं तपासायचा दिवस दिला तो नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा, खंडेनवमीचा. सकाळी अकरा वाजता. आमचे हे पहाटेच नारळ घेऊन वावरात गेले, औत-वखर आणि फवाऱ्याच्या पंपाची पूजा करायला. मी पुरणाला डाळ घातली. सून लॅपटॉप उघडून बसली. आणि अकराला थोडा वेळ असताना तिची हाक आली, "आई, नेट गेलं!"

मी बाईंच्या खोलीत गेले. पंख्याची घरघर नव्हती. डबा पुसून लख्ख केलेला, त्याच्या कपाळावर, म्हणजे बटणाच्या वर, हळदकुंकवाची बोटं, डोक्यावर झेंडूची फुलं, समोर विळा, कात्री, अडकित्ता आणि माझी पोळपाटाशेजारची सुरी. उदबत्ती जळत होती. पिन काढून वायर नीट गुंडाळून ठेवलेली.

"बाई, हे कोणी बंद केलं?"

"म्या. ओल्या फडक्यानं पुसाचं होतं, करंट नाई लागन का?"

"मग पुसून झाल्यावर चालू काहून नाही केलं?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू बिघाड माझ्याच डोक्यात आहे. "आज? खंडेनवमीले हत्याराले काम सांगते का कोनी? तूच म्हन्लं हत्यार हाये म्हनून."

आपलेच दात, आपलेच ओठ! मी तापले. तापले की माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मी म्हटलं, बाई, ही तपासणी आहे, ही झाली नाही तर सून पुण्याला जाईल, पूजा झाली ना, आता लावू द्या पिन. त्या नुसत्या डब्यासमोर मांडी घालून बसून राहिल्या.

तुम्ही म्हणाल, पिन लावायला कितीसा वेळ, लावून टाकायची. नाही जमलं मला. खंडेनवमीला आमच्या घरात विळीवर भाजी चिरत नाहीत, हातानं मोडून करतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही तेच करते. एरवी बाईंनी मला कधी कशाला अडवलं नाही. मी घाटंजीला क्लास काढला तेव्हा माझं पोर त्यांनी सांभाळलं, गावातल्या बायकांची बोलणी त्यांनी ऐकली. अशा माणसाचा एक नेम त्यांच्या डोळ्यांदेखत मोडायला माझा हात पुढं होईना. राग होता, तो होताच. पण हात होईना.

सुनेनं त्या कंपनीच्या माणसाला मोबाइलवरून फोन लावला आणि जे होतं ते सांगितलं. तो मराठीच निघाला. आधी हसला. म्हणाला, "आमच्या सर्व्हररूमलाही आज हार घातलेत, मॅडम. पण आम्ही बंद नाही करत हो." उद्यापासून त्याची सुट्टी, आज संध्याकाळी त्याला अहवाल पाठवायचा होता. चार वाजेपर्यंत लाइन सुरू झाली तर बघतो, नाहीतर जमलं नाही असं लिहावं लागेल, म्हणाला.

दुपारी पुरणपोळीला कुणी हात लावला नाही. एकटी नात तेवढी तुपात बोटं बुडवून खात होती. मी दोनदा बाईंच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. पोळीचं ताट त्यांच्यासमोर तसंच झाकलेलं. शेवटी सूनच आत गेली आणि त्यांच्याजवळ बसली.

"राहू द्या, आजी," ती म्हणाली. "तुमच्या मनाला लागेल असं नका करू. मी जाईन पुण्याला. होईल सवय."

"पोट्टीले घेऊन?"

"हो. तिला कुणाजवळ ठेवणार? माझ्याशिवाय झोपत नाही ती."

"मंग कदी येसान?"

"दिवाळीला. उन्हाळ्यात."

मला वाटलं, संपलं आता. नात हाताचं तूप फ्रॉकला पुसत आली आणि बाईंच्या मांडीत बसून तिनं डब्यावरचं एक फूल ओढलं. बाईंनी ते तिला घेऊ दिलं. मग उरलेली फुलं त्यांनी एकेक करून स्वतः काढली आणि देवासमोर ठेवली. नमस्कार केला. गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि वायर सोडवायला लागल्या. मी पुढं झाले, तशा त्या माझ्यावर खेकसल्या.

"तू नको लावू हात! म्या बंद केलं, म्याच करतो. पाप लागन तं मले लागन. कोन्तं बटन?"

मी दाखवलं. त्यांचं बोट कुंकवानं लाल झालेलं. ते बटणावर ठेवून त्या आम्हाला नाही, डब्यालाच म्हणाल्या, "औत एक दिवस उभं राह्यलं तं वावर कुठी जात नाई. पोट्टी गेली तं गेली."

आणि दाबलं.

पंखा घरघरला. मला रडू आलं. मी आवरलं वगैरे नाही, चांगली रडले. सून तोंड पुसत लॅपटॉपकडं पळाली. चार वाजता त्या माणसानं तिकडून जे काय तपासायचं ते तपासलं. आम्ही दोघी सासवा दारात उभ्या. तो काहीबाही इंग्रजीत विचारत होता, सून उत्तरं देत होती, आणि बाईंचं सगळं लक्ष सुनेच्या तोंडाकडं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला की लाइन व्यवस्थित आहे, तसं लिहितो, घरून काम चालू राहू द्या.

सुनेनं लॅपटॉप मिटला. बाईंना त्यातलं काही कळलं नव्हतं.

"मंग जात नाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, आजी."

"मंग लागू दे पाप," बाई म्हणाल्या, आणि जेवायला बसल्या.