सगुणाबाईंच्या हातची चकाकी

सगुणाबाईंची आणि आमची ओळख झाली ती माझ्या नवऱ्याच्या कानडीमुळे. उपेंद्र इथल्या एका सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाला, त्याला आता नऊ वर्षं होतील. बेंगळुरूत आम्हाला चाळीस वर्षं झाली, पण त्याची कानडी रिक्षा आणि भाजी यांच्या पलीकडे गेली नाही. शब्द कानडी असले तरी विचार मराठीतून करतो.

आमची लाल मारुती शहाण्णव सालची. अठ्ठावीस वर्षं उन्हात उभी राहून तिच्या टपाचा आणि बॉनेटचा रंग खडूसारखा पांढुरका झाला होता. बोट फिरवलं की बोटाला गुलाबी पीठ लागायचं. दोन गॅरेजवाल्यांनी सांगितलं, सगळा रंग खरवडून नव्याने मारा. उपेंद्रला ते पटेना. त्याने पॉलिशची बाटली आणि मेणाचा डबा मागवला, आणि धीर होईना म्हणून दोन्ही डिकीत ठेवून दिलं. मग एक दिवस फोनवर ‘वॅक्सिंग, बसवनगुडी’ असं शोधलं आणि जो पहिला नंबर आला तो फिरवला.

तो नंबर सगुणाबाईंच्या ब्यूटी पार्लरचा होता.

पुढचं संभाषण मी शेजारी बसून ऐकलं. कानडीत गाडीला ‘ते’ म्हणतात, पण उपेंद्रची गाडी मराठी, म्हणजे ‘ती’. त्याने सरळ बाईमाणसाला लावायचं सर्वनाम लावलं.

“वॅक्सिंग करता ना?”

“करते. कुणाचं?” बाईंनी विचारलं.

“अठ्ठावीस वर्षांची आहे ती. उन्हाने पार खराब झालीय. फुल बॉडी करायचंय.”

“तुमची मुलगी काय?”

“छे छे. पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. बायकोला आवडत नाही, पण मी सोडणार नाही तिला.”

मग बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, “घेऊन या. मी बघते.”

मला हसू आवरेना. उपेंद्रला काही कळलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. सोबत मात्र गेले.

पार्लरच्या पायरीवर पन्नाशीची, ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू लावलेली एक बाई केरसुणी घेऊन उभी होती. तिच्या मागे दोन बायका, एकीची एक भुवई कोरलेली, एक राहिलेली. उपेंद्र खाली उतरला.

“कुठंय ती?” बाईंनी कानडीत दरडावलं.

उपेंद्रने बॉनेटवर थाप मारली. “ही काय.”

बाईंनी गाडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि केरसुणी खाली ठेवत चक्क मराठीत पुटपुटल्या, “अगं बाई! मेल्याची मोटार होती होय!”

“तुम्ही मराठी?” मी खिडकीतून विचारलं.

“मग! साडेतीनशे वर्षं झाली की अक्का, आम्ही इथं येऊन,” त्या म्हणाल्या. जणू सामान उतरवताना त्या स्वतः हजर होत्या.

अर्धी राहिलेली भुवई पूर्ण होईपर्यंत आम्ही आत थांबलो. कॉफी पिताना त्यांची हकीगत कळली. नवरा छापखान्यात होता, तो गेल्याला अकरा वर्षं झाली. पार्लर त्याच्या आधीपासूनचं. चोवीस वर्षांत त्यांनी अर्ध्या बसवनगुडीच्या नवऱ्या सजवल्या. आता रस्त्यापलीकडे काचेची, थंडगार हवेची दोन सलून झाली होती. त्यांच्याकडे राहिल्या त्या फक्त भुवया करायला येणाऱ्या जुन्या बायका. दुपारभर त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून असायच्या. “नुसतं बसलं की हात दुखतात हो,” त्या म्हणाल्या.

निघताना त्या गाडीजवळ आल्या आणि सवयीने तिच्या अंगावरून हात फिरवला. मग आत जाऊन एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून आल्या आणि पुन्हा फिरवला. पिशवीतून खरखर जास्त कळते म्हणे. चेहऱ्यावरचा बारीक पुरळ त्या तशाच शोधत असत.

“कशानं धुता हिला?”

“भांड्याच्या साबणाने,” उपेंद्र म्हणाला.

“तोंडाला लावाल काय तो?”

तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला उपेंद्र शाळकरी मुलासारखा ओशाळला. मग त्याने डिकी उघडून बाटली आणि डबा दाखवला. बाईंनी त्याच्याकडून बाटलीवरचं सगळं वाचून घेतलं, अर्थ विचारून घेतला, आणि म्हणाल्या, “आधी स्वल्प कोपऱ्यात बघू. नवीन क्रीम मी कधी एकदम गालाला लावत नाही, कानामागं लावून बघते.”

मागच्या नंबरप्लेटच्या बाजूला त्यांनी तळहाताएवढी जागा धुऊन घेतली आणि फडक्याने पॉलिश घासलं. चार-पाच हात फिरले असतील. फडकं लालभडक झालं.

“रंग निघाला!” उपेंद्र ओरडला.

बाईंनी फडकं टाकूनच दिलं. “देवा! काय झालं हे?”

उपेंद्र चष्मा कपाळावर चढवून खाली वाकला. ती जागा पुसली. खाली मूळचा, ओला असावा तसा गडद लाल रंग होता, आणि त्यात बाईंच्या बांगड्या दिसत होत्या. तो उठला तेव्हा त्याचा आवाजच बदलला होता.

“या गाडीच्या रंगावर पारदर्शक थर नसतो. वरपर्यंत सगळा रंगच. वरचा भाग उन्हाने मेलाय, तोच निघाला फडक्यावर.”

“म्हणजे मेलेली कातडी,” बाई म्हणाल्या. “सरी, बरं. मग घाबरायचं काय त्यात?”

तीन दुपारी त्यांनी ती गाडी पार्लरच्या पडवीत, सावलीत घेतली. धुण्याला दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडकं खंगाळायची, म्हणजे माती पुन्हा रंगावर घासली जात नाही. पॉलिश एका वेळी हातभर जागेवरच. शेवटी मेण, तेही इतकं पातळ की डबा संपेना. ते वाळून धुरकट झालं की मऊ फडक्याने अलगद पुसायचं. उपेंद्र सांगत होता आणि त्या करत होत्या, पण दुसऱ्या दिवसापासून त्या सांगू लागल्या आणि तो करू लागला. तिसऱ्या संध्याकाळी मी बॉनेटमध्ये बघून माझी टिकली सरळ केली.

गाडी बघून आमच्या ओळखीतल्या भीमाचार्यांनी चौकशी केली. ते निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांच्याकडे सासऱ्यांनी दिलेली निळी फियाट. सगुणाबाई त्यांच्या घरी गेल्या, आम्हीही गेलो. काम झकास चाललं होतं. तेवढ्यात बॉनेटच्या मधल्या उंच धारेवर बाईंचा हात जरा जास्त वेळ फिरला. धारेवर रंग पातळ असतो, हे तेव्हा आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. फडकं बाजूला केलं तर बोटभर पट्टा निळा नव्हताच.

बाईंचा चेहरा उतरला. उपेंद्र हळूच म्हणाला, “आचार्यांना दिसतं कमी. निळा रंग आणून मी गुपचूप लावतो.”

“नको अण्णा,” त्या म्हणाल्या. “चोवीस वर्षांत एकदा माझ्या हातून एका मुलीची भुवई गेली होती. तेव्हाही आरसा मीच पुढं धरला.”

त्या सरळ आत गेल्या आणि म्हणाल्या, “आचार्य, माझ्या हातून तुमची गाडी बिघडली. बाहेर येऊन बघा.”

भीमाचार्य काठी टेकत आले. वाकले. चष्मा काढून, पुसून, परत घालून पुन्हा वाकले.

“हा हिरवा आहे ना?” त्यांनी विचारलं.

“हिरवाच,” बाई म्हणाल्या. निळ्याखाली खरोखरच पोपटी हिरवा पट्टा होता.

“मथुरा!” आचार्य एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेर रस्त्यावरचा फुलवाला थांबला. “मथुरा, बाहेर ये! तुझ्या वडिलांची गाडी बघ!”

मथुराबाई पदराला हात पुसत आल्या. सासऱ्यांनी लग्नात शपथेवर सांगितलं होतं म्हणे, की गाडी कोरी आहे, तिला दुसरा हात लागलेला नाही. आचार्यांना पहिल्या दिवसापासून शंका होती. बेचाळीस वर्षं त्या घरात हा वाद सणासुदीला निघत असे. मथुराबाईंनी तो पट्टा पाहिला, नखाने खरवडून पाहिला, आणि म्हणाल्या, “असेल. आमच्या आप्पांना निळा आवडायचा.” मग त्यांनाच हसू फुटलं, आणि आचार्य तर पायरीवर बसून हसले.

सगुणाबाईंनी पट्टा दुरुस्त करून देते म्हटलं. आचार्य म्हणाले, “खबरदार!” शेवटी तडजोड झाली: दसऱ्यापर्यंत पट्टा तसाच ठेवायचा, आप्पांचे सगळे जावई बघून गेले की मग रंग. त्या दिवसापासून बाई आधी प्रत्येक धारेवर कागदी चिकटपट्टी लावतात आणि मगच पॉलिशला हात घालतात.

आता सकाळी पार्लर आणि दुपारी गाड्या असं चालतं. घेतात फक्त जुन्या. नव्याकोऱ्या गाडीचा मालक आला तर म्हणतात, “हिला काय झालंय? पोरवयात फेशियल करू नये.”

त्यांची मुलगी स्मृती इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते, तिथेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. आईने पार्लर बंद करून आपल्याकडे यावं असा तिचा धोशा होता, त्यात हे गाड्यांचं कळल्यावर ती चिडलीच. गेल्या महिन्यात एका रविवारी ती आईला न्यायलाच आली. मी भुवया करायला गेले होते, म्हणून सगळं पाहिलं. पडवीत एक पांढरी, म्हातारी अँबॅसिडर उभी होती.

“आई, बॅग भर. तुझे खांदे किती दुखतात, मला माहीत नाही का?”

“बसून दुखत होते. आता नाही दुखत,” सगुणाबाई म्हणाल्या. “तू तो दरवाजा स्वल्प धर की. माझी पट्टी लावून होईपर्यंत.”

स्मृतीने वैतागून दरवाजा धरला. मग आईने तिच्या हातात फडकं दिलं. गोल नको, सरळ ओढ, दाब नको, हं, आता प्रकाशात तिरकं बघ. माझ्या भुवया झाल्या, कॉफी झाली, तरी ती पोरगी वाकलेलीच. दुपारी दोन वाजता तिने कंबर सरळ केली आणि दरवाज्यात आपला चेहरा पाहिला.

“आई, मागचे दोन दरवाजे राहिलेत,” ती म्हणाली. “त्यांना हात लावू नकोस. पुढच्या रविवारी मी येतेय.”