गाडी ऐकणारे कोंडाजी

कामशेतच्या आसपास कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटली, की आधी कोंडाजींना शेजारच्या सीटवर बसवून चढावर न्यायचं, ही रीत तीसेक वर्षांची. कर्ज, कागदपत्रं, मुहूर्त सगळं मागाहून. कोंडाजी मूळचे वडिवळ्याचे, वय बासष्ट, जुन्या हायवेला चार पत्र्यांचं गॅरेज. गाडीत बसण्याआधी ते चपला रस्त्याकडेलाच काढत. त्या तिथं दिसल्या, की आबा कुणाची तरी गाडी ऐकायला गेलेत, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळे.

उघडे तळपाय गाडीच्या तळाला टेकवून ते डोळे मिटत. "आता कुनी बोलायचं न्हाई," एवढं बजावत. चढ संपला की डोळे उघडून म्हणत, "चांगली हाय," नाहीतर "सोडा हिला." पुढे स्पष्टीकरण नाही. बॉनेट उघडून कान लावणाऱ्या मिस्त्र्यांची त्यांना कीवच येई. "उभी गाडी सांगंल त्ये ऐकायचं व्हय? चढावर तिला खोटं बोलता येत न्हाई." या एका गोष्टीचा त्यांना फार ताठा होता, आणि तो शोभूनही दिसे.

रविवारी सकाळी पुण्याहून लोणावळ्याला नाश्त्याला निघालेले गाड्यांचे शौकीन त्यांच्याकडे थांबत. मग चहावर वाद. एकाला डिझेलवाचून गाडीच वाटत नसे, दुसऱ्याला गिअर हातानंच टाकायचे असत. एसी कमी करायलासुद्धा पडद्यावर बोट फिरवायचं, म्हणजे रस्ता कुणी बघायचा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होई. दिवा बदलायला बंपर उतरवावा लागतो, असं एकजण सांगे आणि बाकीचे हळहळत. तरीही पुढची गाडी घेताना तसलीच घेत. कोंडाजी पूर्वी तावातावानं भांडत. आताशा दमले होते. नव्या गाडीचं बॉनेट उघडावं तर आत काळं प्लास्टिकचं झाकण, हात घालायला जागा नाही. "बनवनाऱ्यानं दुरुस्त करनाऱ्याचा इचारच केला न्हाई," म्हणत ते कप खाली ठेवत.

त्या शौकिनांतलाच यशोधन. त्याची आई रजनीबाई तळेगावला शाळेत विज्ञान शिकवत. त्यांची आधीची गाडी कोंडाजींनी पास केलेली, चौदा वर्षं कुरकुर न करता चालली. आता यशोधनला सहा वर्षं वापरलेली एक पेट्रोल गाडी आवडली होती. दणदणीत आवाजाची. कॉम्प्युटर लावून तपासून घेऊ, असं तो म्हणत होता.

"आबांनी ऐकली की झालं," रजनीबाई म्हणाल्या. विज्ञानाच्या बाई असून!

कोंडाजी बसले. चढाला इंजिनानं असा काही भरदार सूर धरला, की मिटल्या डोळ्यांनीच ते हसले. कुठं खोकला नाही, कुठं धाप नाही. वर पोचल्यावर म्हणाले, "चांगली हाय." आणि कधी नव्हे ते पुढेही बोलले, "लय दिसांनी असा आवाज ऐकला बगा."

गाडी घेतली आणि पाचच आठवडे चालली. रजनीबाई आपल्या सासूबाईंना डोळ्याच्या डॉक्टरांकडे पुण्याला नेत होत्या; उर्स्याचा टोलनाका ओलांडला आणि गाडीचा जीव गेला. लाल दिवे लागले. ऐंशी वर्षांची म्हातारी दोन तास उन्हात एक्स्प्रेसवेच्या कडेला बसून राहिली. शेवटी गाडी ओढून कोंडाजींच्याच दारात आणली.

"आबा, बसा जरा," यशोधन म्हणाला. थंड झाल्यावर गाडी कशीबशी चालू झाली. पाय दाबला तर तोच भरदार सूर. मग त्यानं खाली वाकून एक फ्यूज उपसला. सूर एकदम नाहीसा झाला. मागं उरलं ते बारीक, कोरडं खडखडणं.

"चेन सैल झालीया," कोंडाजी लगेच म्हणाले. "इंजिनातली, टायमिंगची. लय दिस झाल्यात." आणि मग त्यांचं तोंड उतरलं. "पर मग त्या दिशी मी काय ऐकलं?"

"स्पीकर, आबा," यशोधन ओशाळून म्हणाला. "हल्ली गाडी आतून इतकी बंदिस्त असते, की इंजिन धड ऐकूच येत नाही. म्हणून कंपनी वरून आवाज घालून देते. आम्हाला तसा आवडतो ना."

"म्हंजी टेप लावल्याली."

"तसंच म्हणा."

कोंडाजींनी आपल्या तळपायांकडे पाहिलं. इंजिन इतक्या मऊ रबरांवर बसवलेलं, की त्यांनाही पत्ता लागला नव्हता. एकदा बॉनेट उघडून गार इंजिन ऐकलं असतं, तर कुणीही सांगितलं असतं. कुणीही! ज्यांची टिंगल केली त्यातल्या कुणीही.

रजनीबाई चिडतील म्हणून ते वाट बघत होते. चार शब्द ऐकवले असते, तर त्यांना बरं वाटलं असतं. पण बाई आल्या आणि म्हणाल्या, "तुमची चूक नाही आबा. मनाला लावून घेऊ नका." त्या दिवसापासून कोंडाजींनी गाड्या ऐकणं सोडलं. कुणी बोलवायला आलं तर गुडघा दुखतो म्हणून सांगत.

दोन महिन्यांनी रजनीबाई पुन्हा दारात. या वेळी गाडी विजेवरची, वर्षभर वापरलेली. बॅटरीचा आठ पानी रिपोर्ट यशोधनच्या हातात, सगळं ठीकठाक.

"बाई, हिला इंजिनच न्हाई. मी काय ऐकनार?"

"रिपोर्ट बघितला मी, कळलाही. पण तुम्ही बसल्याशिवाय मला घ्यावीशी वाटत नाही," त्या म्हणाल्या. त्या अगदी मनापासून म्हणत होत्या, हाच तर त्रास होता.

नाही म्हणवेना. कोंडाजी चपला काढून बसले. गाडी चढाला लागली. टायरांची घरघर, वारा, बाकी काही नाही. रजनीबाई गाडी चालवता चालवता त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे अधूनमधून बघत होत्या. आत कोंडाजी वाट बघत होते, काहीतरी ऐकू यावं म्हणून. चढ संपला.

"चांगली हाय," ते म्हणाले.

तीस वर्षांत न ऐकता बोललेलं हे पहिलंच. रजनीबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि गाडीत कोंडाजींना ऐकू आलं ते तेवढंच.