डॉक्टरबाईंचा दोर

डॉक्टरबाई कुणाच्याही घरी गेल्या की खुर्चीला हात लावायच्या नाहीत. आधी फरशीवर बसायच्या, चांगली मांडी घालून, आणि मान वळवत घर बघत राहायच्या. घरातल्या बाया कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. "अहो बाई, वर बसा, खाली कशाला?" बाई म्हणायच्या, "थांबा जरा. तुमचं लेकरू रोज कुठलं घर बघतं ते बघतेय." मग त्या उंचीवरून त्यांना काय काय दिसायचं. कॉटखाली सरकवलेला विळा, मिक्सरची लोंबणारी वायर, चुलीपुढचं उकळत्या पाण्याचं पातेलं. आम्ही त्याच घरात जन्म काढलेला, पण आम्हाला ते कधी दिसलं नव्हतं.

त्यांचा दवाखाना आळ्याला होता. मी येडगावच्या शाळेत मास्तरीण. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच औषधावर वाढली, आणि पुढे कधी ओळखीची मैत्री झाली ते सांगता येणार नाही. आता दुपारी डोळा लागता लागता त्या दिसतात त्या स्कूटीवरच. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये उन्हाची पट्टी, आणि त्या पट्टीतून त्या सावकाश येताहेत. येतात येतात आणि पोचत नाहीत. मी उठून बसते.

आमच्या भागात फवारणीचं औषध उरलं की कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची रीत. टाकवत नाही ना कुणाला. बाई गोठ्यात शिरून अशा बाटल्या हुडकायच्या आणि घरच्या माणसापुढे धरायच्या. त्यानं "नाव लिहिलंय की वर" म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "लेकराला अक्षर वाचता येत नाही हो, रंग वाचता येतो." आवाज चढवायच्या नाहीत. बाटली मात्र सोबत घेऊन जायच्या.

पण लोक त्यांना ओळखायचे ते दोरवाल्या डॉक्टरबाई म्हणून. त्यामागे एक पोरगा होता. सातव्या महिन्यात जन्मला, एवढासा जीव, बाईंनी काचेच्या पेटीत ठेवून, रात्रीचा दिवस करून जगवला. शाळेत जायच्या वयाला आला आणि शेततळ्यात गेला. ज्यांनी शेततळं पाहिलंय त्यांना सांगायला नको. चारी अंगांनी उतार, त्यावर काळा प्लास्टिकचा कागद, कागदावर शेवाळ. आत पडलेल्याला धरायला काही म्हणजे काही नसतं. आईबाप त्याला घेऊन धावत बाईंकडेच आले होते. बाई मला एकदाच त्याबद्दल बोलल्या. म्हणाल्या, "ताप आला की आई माझ्याकडे येते. तळ्याकडे मात्र मलाच जायला पाहिजे." तेव्हापासून गुरुवारी दवाखाना बंद असायचा. स्कूटीच्या पुढ्यात गाठी मारलेल्या दोराची वेटोळी घेऊन त्या जुन्नर-आंबेगावची तळी हिंडायच्या. एक टोक काठावरच्या लोखंडी मेखेला बांधायचं, दुसरं पाण्यात सोडायचं. एवढंच काम.

एवढंच काम, पण करू देतील तर लोक कसले. निरगुडसरला माझ्या भावानं, दादानं, नवं तळं केलं तेव्हा मीच हौसेनं बाईंना घेऊन गेले. तळं काठोकाठ भरलेलं. वारा नव्हता, पाण्यात ढग अगदी सावकाश चालले होते, आणि बघत राहिलं की आपणच सरकतोय असं वाटायचं. दादाची नात ओवी कुंपणाशी उभी राहून ढग मोजत होती. दोर बघितला आणि दादाचं तोंड कडू झालं. "बाई, तुमी शिकलेल्या. पण तळ्याला दोर बांधायचा म्हंजी कुणीतरी पडणार, आसं आपणच बोलून ठेवायचं. वास्तू तथास्तु म्हणती. भरल्या पाण्याम्होरं असलं अभद्र नगं."

बाईंनी वाद घातला नाही. वहिनीला विचारलं, "पाणी भरलं तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"ओटी भरली की. खण, नारळ, हळदकुंकू."

"मग आता दोराला हळदकुंकू लावा आणि तुमच्याच हातानं बांधा. ओटीच समजा." वहिनी एकदम खूश. दादा गुरगुरला, पण मानाच्या कामात बायकोला अडवायची त्याची टाप नव्हती.

महिन्याभरानं आम्ही परत गेलो तर तळ्यावर दोर नाही. बाईंनी वहिनीकडे बघितलं. वहिनी अभिमानानं आत घेऊन गेली. दोर देवघरात होता, नीट गुंडाळलेला, वर ताजं फूल. "पुजेची वस्तू, उन्हात कशी टाकायची? कुत्री-मांजरं शिवत्यात." मला हसू आवरेना. बाईसुद्धा हसल्या. देवाला नमस्कार करून त्यांनी दोर उचलला आणि तळ्याकडे चालू लागल्या.

दादा मागून आला. "कशापाई तरास घेता? मी हाये की. हिरीत पवायला शिकलेला माणूस. पोर पडलं तर उडी टाकीन."

"टाका," बाई म्हणाल्या.

दादाला वाटलं चेष्टा. पण बाई काठावर बसून शांतपणे दोराचं टोक मेखेला बांधत होत्या. इरेला पडलेला माझा भाऊ, सदरा काढून धाडकन आत गेला. मस्त दोन फेऱ्या मारल्या, हसत काठाला आला, आणि घसरला. "लईच गुळगुळीत हाय राव," म्हणाला. परत चढला, परत घसरला. कोपऱ्यात गेला, तिथंही तेच. नखं कागदावर ओढल्याचा आवाज यायला लागला. त्याचं हसू कधी गेलं ते कळलं नाही. वहिनीनं पदर तोंडाशी धरला. दोर बाईंच्या मांडीवर, आणि त्या नुसत्या बघत बसलेल्या. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू. पाण्यातले ढग फुटून गेले होते. शेवटी दादाचा आवाज आला, मी त्याचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "बाई, दोर."

दोर क्षणात त्याच्या हातात होता. बाहेर येऊन तो पालथा पडून राहिला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "तुम्ही पोहणारे आहात, दादा. ओवीला पोहता येतं का?" दोर त्यानंतर तिथून हलला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला निरगुडसरलाच होते. दुपारची वेळ, घर पेंगलेलं. ओवी दारात येऊन उभी राहिली, नखशिखांत ओली. वहिनी तिच्यावर खेकसली, "कुठं भिजून आली गं भवाने?"

"शेळी कुंपणातून आत गेली. तिला आणाया गेले तर पडले तळ्यात." मग डोळ्यांवरचं पाणी पुसत म्हणाली, "दोर धरून आले."

वहिनी पोरीला तशीच ओली पोटाशी धरून हमसून हमसून रडू लागली. ओवीला वाटलं आपलंच काही चुकलं, म्हणून तीही रडली.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी ओवीला घेऊन आळ्याला गेलो. बाई तेव्हा आजारानं अंथरुणाला खिळल्या होत्या. दवाखान्यावरच्याच खोलीत, खिडकीशी. मला वाटलं, ऐकून केवढ्या सुखावतील. त्यांनी ओवीचे दोन्ही तळवे उघडून बघितले. दोराचे लाल वळ उठले होते. खूप वेळ बघत राहिल्या. मग तिचा हात सरळ करून खांद्यापासून बोटांपर्यंत हळूच मापला आणि कष्टी आवाजात म्हणाल्या, "गाठी लांब पडल्या, दादा. हिला लोंबकळावं लागलं. मी माझ्या हाताच्या मापानं मारल्या होत्या. माझं चुकलंच." दादा म्हणाला, "बाई, पोर जित्ती हाये." त्यांनी मान हलवली, पण समाधान झाल्यासारखी नाही.

थोड्याच दिवसांत त्या गेल्या. दशक्रियेला नदीवर ही गर्दी. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं संपता संपेनात. जो तो माइक धरून बाई किती थोर होत्या ते सांगत होता. मी दादाला शोधत होते. आला नव्हता. माझं डोकं सणकलं. ज्या बाईनं नातीचा जीव वाचवला तिच्या दहाव्यालाही याला सवड नाही? तशीच निरगुडसरची एस. टी. धरली.

दादा तळ्यावर होता. बाजूला नव्या दोराची थप्पी, शेजारपाजारच्या सगळ्या तळ्यांना पुरेल एवढी. समोर ओवी हात लांब करून उभी. तिच्या हातावर दोर ठेवून तो माप घ्यायचा, गाठ मारायचा, दातांनी आवळायचा.

"दादा, सगळा तालुका आला होता," मी म्हणाले. "तू का नाही आलास?"

त्यानं वर बघितलं नाही. "आज आलो आसतो तर ह्यो आजचा दोर बांधायचा राह्यला आसता," म्हणाला. "हात सरळ धर गं ओवे."