पबातला पाहुणचार

पोरीले पाहायले पाहुणे येणार, तर त्यांले घरी बसवून पोहे द्यावं की नाही? नाही! आमच्या ह्यांले घरच्या भिंतींची लाज वाटली. बैठकीतला गिलावा निघून राह्यला, ईटा दिसतात, म्हणे पाहुणे काय म्हणतील. म्हणून नेलं सगळ्यांले सिवनी रोडवरच्या त्या नव्या पबात. आधी तिथं राइस मिलचं गोदाम होतं. आत पाय ठेवला अन् मी पाहतच राह्यली. बाप्पा! तिथल्याही भिंतींचा गिलावा गायब. पैसे देऊन खरवडून काढलेला, अन् उघड्या ईटांवर पिवळे दिवे सोडलेले. मी ह्यांच्याकडं पाह्यलं, तर हे छताकडं पाहून राह्यलते.

भर दुपारी आत असा अंधार, की पोरगी दाखवायले आणली की लपवायले, तेच समजेना. पोरीले साडी नेसवलेली, अन् बसायले उंच स्टूल. पोराची आई तर स्टूल पाहूनच म्हणाली, "मी उभीच बरी आहो." शेवटी कोपऱ्यातला सोफा मिळाला. मेनू सगळा इंग्रजीत. आपल्याच चिन्नोर तांदळाच्या भाताले लंबंचौडं नाव, अन् प्लेटीत मूठभर. खोटं काहून बोलू, भात चांगला होता, अन् भाजलेल्या मासोळीचे तर मी काटेसुद्धा चोखले. पण चव चांगली म्हणून काय मिजास सहन करायची? वेटर आमच्याकडं असा पाहे, जसे आम्ही त्याच्या घरी साखर मागायले आलो.

पोरगा मात्र खूश. नागपूरले नोकरी, आंगाले सेंटाचा घमघमाट, अन् हातात मोबाइल. भिंतीचा फोटो, प्लेटीचा फोटो, दिव्याचा फोटो. पोरीले त्यानं एवढंच विचारलं, "इथं नेहमी येता का?" ती नाही म्हणाली. झालं, संपली चौकशी.

मंग आमच्या ह्यांचा पाहुणचार सुरू झाला. आमच्याकडं पाहुणा नको म्हणाला की वाढणारा दुप्पट वाढते. ताटावर आडवा हात धरला, तरी बोटांच्या फटीतून वरण सोडते. पाहुण्याचं 'नको' कोणी खरं मानतच नाही. ह्यांनी व्हिस्की मागवली अन् ग्लास पोराच्या वडिलांपुढं सरकवला.

"नको भाऊ. मी सोडली."

"घ्या हो! आज कायचं सोडणं?"

"खरंच नको. लय मुश्किलीनं सुटली."

"अहो, थोडीशी! आमचा मान ठेवा."

पोराच्या आईचा चेहरा उतरला. मी टेबलाखालून ह्यांच्या पायावर पाय देल्ला, तर हे मलेच म्हणतात, "काय झालं वं?" मले इतका राग आला, की तो ग्लास उचलून ह्यांच्याच डोक्यावर ओतावा.

तेवढ्यात पोरगा मोबाइलातून मान वर न करता बोलला, "घ्या ना पप्पा. इतके म्हणून राह्यले. काहून नखरे करता?"

वडिलांनी ग्लास उचलला. ओठापर्यंत नेला, परत खाली आणला. बायको दुसरीकडं पाहू लागली. अन् माही पोरगी उठली, त्यांच्या हातातला ग्लास घेतला, वेटरच्या ट्रेमध्ये ठेवला अन् म्हणाली, "ये ले जाइए। अंकल ने मना किया है।"

मले वाटलं, गेलं स्थळ हातचं. पण बाहेर निघताना पोराच्या आईनं पोरीचा हात घट्ट धरला. डोळे भरलेले. म्हणाली, "आमच्याकडून हौ समजा."

गाडीत बसले अन् ह्यांची छाती फुगली. "पाह्यलं? मी म्हणलंच होतं, पबातच जमन!" कायचं जमलं अन् कोणामुळं जमलं, काही पत्ता नाही माणसाले!

मागून पोरगी म्हणाली, "बाबा, मले नाही करायचं इथं."

"काहून वं? इतकं चांगलं स्थळ!"

"बापाचं 'नको' ज्याले ऐकू येत नाही, त्याले माहं काय ऐकू येईन?"

हे हसले. "अवं, पोरी पहिल्यांदा नकोच म्हण..." अन् तिथंच थांबले. गाडीही हळू झाली.

मी म्हणलं, "आलं ना ऐकू? मंग गाडी बाजूले घ्या, अन् लावा त्यांले फोन."