गवताच्या गाडीतून घरी

ट्रक ड्रायव्हर कारभारीला दिवेलागणीनंतर दिसत नाही, ही गोष्ट त्याच्या घराबाहेर आता गावात एकट्या प्रेमलाला माहीत होती. सकाळी साडेसहाला त्याची गवताची गाडी राजूरहून नगरकडे निघून गेली, तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. जाताना उजेड होता. येताना काय? संध्याकाळी त्याच गाडीतून छबू यायची होती. ऑपरेशन करून बाळंत झालेली, अंगात अजून ताकद नाही, कुशीत बारा दिवसांचं पोर.

त्यात भर म्हणजे काल छबूची सासू मुक्ताबाई मुद्दाम येऊन ओट्यावर बसली होती.

"बाई, तुमची शोभा आनली तवा लई हिसकं बसलं का वो गाडीत? आमची पोर अजून कच्ची हाय."

"काही काळजी करू नका," प्रेमला म्हणाली होती. "कारभारी नीट आणतात."

मुक्ताबाई समाधानानं उठून गेली. प्रेमला मात्र दाराची चौकट धरून तिथेच उभी राहिली. आपण हे काय बोलून बसलो, हे तिला म्हातारी दिसेनाशी झाल्यावर कळलं.

तसं ते खोटंही नव्हतं. कारभारीइतक्या निगुतीनं माणूस आणणारा ड्रायव्हर साऱ्या अकोले तालुक्यात दुसरा नसेल. त्या वर्षी नगरच्या बाजूला पाऊस पडलाच नव्हता. तिकडे जनावरांच्या छावण्या उघडल्या होत्या आणि राजूरच्या डोंगरातलं गवत ट्रक भरभरून जात होतं. येताना गाडी रिकामी. रिकामी म्हणजे तळाशी वीतभर गवत राहायचंच. ते गवत नगरच्या दवाखान्यातल्या केशरबाई आयाच्या नजरेत भरलं.

दवाखान्यातून सोडलेला पण धड बसता न येणारा माणूस गावी कसा पोचणार, हा प्रश्न डॉक्टरांना कधी पडत नसे. कागदावर सही झाली की त्यांच्या लेखी माणूस घरी गेला. दवाखान्याची एकुलती अँब्युलन्स अत्यवस्थ माणसाला आणण्यासाठी, बऱ्या झालेल्याला पोचवण्यासाठी नव्हे. राहिली एस.टी. आणि तिथली रेटारेटी. म्हणून केशरबाई रोज फाटकाशी उभी राहून गाड्या हेरायची. कुठली कुठे रिकामी चाललीय, ड्रायव्हर पिणारा की बिनपिणारा, सगळं तिला तोंडपाठ. कारभारी तिला तिथेच सापडला, आणि तिच्याआधी कुणी विचारलं नाही याचंच जणू त्याला वाईट वाटत होतं.

त्याला कारणही होतं. पाच वर्षांपूर्वी त्याची बायको मालनबाई पोटाच्या ऑपरेशननंतर एस.टी.नं घरी आली. मागच्या बाकड्यावर, चाकावरची जागा मिळाली. अकोल्याच्या पुढे टाके उसवले. कारभारी गर्दीत पुढे अडकलेला. बायको कण्हतेय हे ऐकू येत होतं, पण मागे सरकता येईना. मालनबाई वाचली, पण तीन महिने अंथरुणावर होती. म्हणून गाडीत कुणी आजारी माणूस असला की कारभारी अंड्यांची पाटी घेऊन चालल्यासारखी गाडी चालवी. पैसे घेत नसे. आणि माणूस गाडीत चढवण्याआधी स्वतः गवतावर आडवा होऊन कूस बदलून बघे, कुठे टोचतं का ते.

महिन्यापूर्वी प्रेमलानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिच्या नऊ वर्षांच्या शोभाचं शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. कमरेपासून पावलापर्यंत प्लॅस्टर, आणि पाय हलू नयेत म्हणून दोन्हींच्या मध्ये बांधलेली आडवी काठी. पोरीला कशीही धरली तरी ती एस.टी.च्या दारातून आत जाणं शक्य नव्हतं. प्रेमला आणि तिचे यजमान नृसिंहमास्तर हवालदिल होऊन बसले होते. तेव्हा केशरबाईच म्हणाली, "ताई, रडता काय? गवताच्या गादीवर राणीसारखी जाईल तुमची लेक."

फाटकाशी ट्रक उभा होता आणि आत कारभारी डोळे मिटून उताणा पडला होता.

"उठा आता," केशरबाई ओरडली. "पोरीला न्यायचंय, तुमाला न्हाई."

"बघाय नगं का, केशरबाई? हितं एक कुसळ हुतं." त्यानं ते काढून बाहेर टाकलं. मग शोभाला चौघांनी उचलून वर घेतलं, तेव्हा तो एकदम म्हणाला, "डोकं केबिनकडं करा. पाय पुढं करून घरी न्यायचं नसतं." मास्तर एरवी असल्या गोष्टींना हसायचे. त्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं पोरीला फिरवून घेतलं.

पण गाडी निघायलाच अडीच वाजले होते. छावणीवर गवत मोजायच्या काट्याला रांग लागली होती. राहुरी, कोल्हार, लोणी मागे पडली. पोरीला हिसका बसू नये म्हणून गाडी बैलगाडीसारखी चाललेली, आणि तरी कारभारी पुन्हा पुन्हा सूर्याकडे बघत होता. संगमनेरला मास्तर चहाला उतरतो म्हणाले तर त्यानं खिडकीतून हात हलवला. "चा ऱ्हाऊ द्या, मास्तर. उजेड हाय तवर घाट चढू."

अकोल्यात पोचले तोवर उजेड संपला होता. कारभारीनं गाडी स्टँडच्या भिंतीला लावली आणि खाली उतरून म्हणाला, "गाडी तापलीया. हितंच मुक्काम करू. पहाटं जाऊ."

शोभा प्लॅस्टरच्या आत खाज सुटून रडत होती. प्रेमलाचा धीर सुटला. "चौदा मैल राहिलेत, कारभारी. पोरीला रात्रभर उघड्यावर ठेवायची का?"

"मी न्हाई म्हनत न्हाई, बाई. पर..."

"पर काय? काही झालंय का गाडीला?"

तो उगीच टायर ठोकून बघू लागला. यानं कुठे थोडी घेतली तर नाही, अशी शंका तिला आली. ती मुद्दाम जवळ गेली. तंबाखूशिवाय कसलाच वास नव्हता.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "राजूरची एस.टी. निघू द्या. तिच्या मागं जाऊ. आन् बाई, तुमी पुढं केबिनीत या. मास्तर बसतील पोरीपाशी."

एस.टी.च्या मागच्या लाल दिव्यावर डोळे रोखून तो निघाला. प्रेमलाला वाटलं, रात्रीच्या वेळी सोबत म्हणून असेल. विठ्याचा घाट लागला. दोन वळणं झाली आणि एस.टी. पुढे निघून गेली. तिचा दिवा तिसऱ्या वळणाआड गेला, त्याच क्षणी कारभारीनं करकचून ब्रेक दाबला आणि हातब्रेक ओढला. इंजिन तसंच धडधडत राहिलं.

"बाई," तो समोर बघतच म्हणाला, "कड किती लांब हाय?"

"म्हणजे?"

"दरीची कड. गाडीपासनं किती लांब हाय?"

गाडीचे दिवे लागलेले होते. प्रेमलाला रस्ता दिसत होता, कडेचे पांढरे दगड दिसत होते, त्यांच्या पलीकडचा काळोख दिसत होता. तिनं कारभारीकडे पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते, पण ते त्या दगडांवर नव्हते, कशावरच नव्हते. मागे गवतावर तिची लेक होती, कमरेपासून जखडलेली.

"दीड-दोन हात," ती कशीबशी म्हणाली. "कधीपासून दिसत नाही?"

"दिवाळीपासनं. दिसा समदं दिसतं. रातीचं निसतं धुकं. आदी क्लीनर हुता, त्यो सांगायचा. त्यो गेला दुष्काळी कामावर. समोरचा दिवा तेवडा दिसतो मला. सीटखाली ब्याटरी हाय."

तिला कळलं. पदर खोचून ती खाली उतरली, गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि बॅटरी त्याच्याकडे तोंड करून धरली. मागून मास्तरांचा आवाज आला, "काय झालं गं?"

"काही नाही," ती ओरडली. "रस्त्यात दगड आलेत. बघत चाललेय."

उलटी चालत, पायानं रस्ता चाचपत ती घाट चढली. पहिल्या गियरमध्ये गाडी तिच्या मागोमाग येत होती. कड जवळ आली की ती बॅटरी डोंगराकडे सरकवी, गाडीचं तोंड डोंगराकडे वळे. एकदा तिचा पाय घसरला आणि दिवा क्षणभर खाली गेला. गाडी जागच्या जागी थांबली. ते अंतर पाऊण मैलही नसेल. पुढे सपाट रस्ता लागल्यावर ती केबिनमध्ये बसून "डावीकडे, सरळ, थोडं उजवीकडे" करत राहिली.

घरी पोरीला उतरवल्यावर कारभारी हळूच म्हणाला, "मास्तरांस्नी नगा सांगू, बाई. गाडीच्या शेटच्या कानावर गेलं तर किल्ली काढून घेतील."

"नाही सांगणार," ती म्हणाली.

त्याच्यावर उपकार करतेय अशा सुरात ती हे बोलली. खरं तर तिलाच सांगायचं नव्हतं. ड्रायव्हरला दिसत नाही हे कळल्यावरही तू पोरीला खाली उतरवली नाहीस? मला खोटं सांगितलंस? असं मास्तरांनी विचारलं असतं.

तरी ती अगदीच गप्प बसली नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं कारभारीला गाठलं. "हे डोळ्यांचं दुखणं बरं होतं. पालेभाजी, दूध पोटात गेलं नाही की असं होतं, यंदा पुष्कळांना झालंय. औषध आहे. दवाखान्यात जाताच ना रोज? डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा."

"आन् त्यांनी कागदावर लिवलं तर? लायसन गेलं म्हंजे?"

"मग निदान आजारी माणसं तरी आणू नका."

"केशरबाईला काय सांगू मग?" तो हसला. "दिसाउजेडी येतो की मी. तुमच्याच बारीला उशीर झाला." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "अकोल्याला मी थांबू म्हनलो हुतो, बाई."

प्रेमला तशीच परतली. पण या आठवड्यात दोनदा त्याची गाडी अंधार पडल्यावर आल्याचं तिनं ऐकलं होतं. दोन्ही वेळा एस.टी.च्या पाठोपाठ. आता छावणीवर गाड्या वाढल्या होत्या, काट्याची रांगही वाढली असणार. आणि आज गाडीत छबू. तिच्यासोबत नवरा येईल, तोही मागे गवतावर बसेल. पुढे केबिनमध्ये कुणीच नसेल. एस.टी. पुढे गेली तर?

नऊला दहा मिनिटं कमी होती. मास्तर शाळेला निघण्यासाठी कोट घालत होते. प्रेमला दारात आडवी उभी राहिली.

"जरा थांबा. शोभाला आणलं त्या रात्री रस्त्यात दगड नव्हते."

आणि तिनं सगळं सांगितलं. बसून, हळू आवाजात, काही न गाळता. मास्तर ऐकत होते. कोटाची एक बाही घातलेली, एक तशीच लोंबत होती. आतल्या खोलीत शोभा पाढे म्हणत होती, तिकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"मी मागे होतो," ते म्हणाले. "एक हाक मारली असतीस तर दोघांनी मिळून तिला उतरवलं असतं."

"सुचलं नाही."

"आणि महिनाभर सुचलं नाही?"

मास्तरांनी दुसरी बाही चढवली. "शेठला सांगतो आत्ताच्या आत्ता."

"नको. शेठ काय करणार? गाडी तर गेली. तो उद्या कारभारीला काढून टाकेल, आणि छबू आजच यायचीय." ती उठली. "केशरबाईला फोन करते. छबूला गाडीत चढवण्याआधी तिला कळायला हवं. कारभारीलाही तिनं आज तिथेच ठेवून घ्यावं. डोळ्यांचे डॉक्टर त्याच आवारात आहेत."

"पोस्टातून?" मास्तर थांबले. "नगरला आवाज पोचायचा म्हणजे बोंबलावं लागतं. बाहेर पायरीवर माणसं बसलेली असतात. दुपारपर्यंत साऱ्या राजूरला कळेल कारभारीचं. मालनबाईच्या कानावर तुझ्या आवाजात जाईल."

हे तिच्या डोक्यात पहाटेपासून होतं. इंग्रजीतून डॉक्टरांशी बोलावं म्हणजे पायरीवरच्यांना कळणार नाही, असाही विचार तिनं करून पाहिला होता. पण डॉक्टर फोनवर येत नसत, आणि कोण कुठल्या गाडीत जाणार हे ठरवणारी केशरबाई होती. तिला मराठीतच सांगावं लागणार, आणि तिला नीट ऐकू जाईपर्यंत सांगावं लागणार.

"आधी मालनबाईकडे जाते," प्रेमला म्हणाली. "वाटेतच आहे घर. तिला तोंडावर सांगते मी काय करणार आहे ते. मग पोस्ट."

"ती शिव्या देईल."

"देऊ दे."

मालनबाईनं शिव्या दिल्या नाहीत. ती परातीत पीठ मळत होती. सगळं ऐकून घेतल्यावर पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाली, "माज्या पोटाचं टाकं उसवलं म्हनून त्यो दुसऱ्यांस्नी आनतो. आन् तुमी त्येचीच गाडी काढून घ्यायला निगाला."

"हो," प्रेमला म्हणाली. "आजची तरी."

मालनबाईनं पुन्हा पीठ मळायला घेतलं. प्रेमला निघाली.

पोस्टाचं दार उघडलं होतं. पायरीवर पाचसहा माणसं होती, त्यांत शेठच्या दुकानातला दिवाणजीही होता. सगळ्यांनी सरकून तिला वाट करून दिली. ट्रंक कॉल लागायला तास लागेल की तीन, काही सांगता येत नव्हतं. गाडीत माणूस चढायला अजून पाच तास होते. प्रेमलानं खिडकीत वाकून पोस्टमास्तरांना नगरच्या दवाखान्याचा नंबर सांगितला आणि म्हणाली, "अर्जंट लावा. लागेपर्यंत मी इथेच बसते."