मुखरूभाऊंची गप्प सकाळ

मुखरूभाऊंना गप्प बसलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. निंदण करताना, बैलांना पाणी दाखवताना, अगदी मयतीला गेले तरी त्यांचं तोंड चालूच. दोन माणसं बांधावर उभी दिसली की तिसरे मुखरूभाऊ, आणि बोलणारे तेवढे तेच. माणूस मात्र मनाचा साफ होता.

चौऱ्याऐंशी साली त्यांची अन्नपूर्णा सातवीत गेली. मूल नावाच्या मोठ्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या खेड्यात शाळा सातवीपर्यंतच. तिच्या आईनं, मीराबाईंनी, जूनमध्येच सांगून टाकलं, "पास झाली तं मूलले माह्या बहिणीकडं राहून शिकन. नापास झाली तं माह्यासंगं धानाच्या रोवण्याले." मीराबाई बोलायच्या कमी, पण एकदा बोलल्या की त्यात बदल नाही. पोरगी शिकावी असं मुखरूभाऊंना फार वाटे. पण स्वतः दुसरीतून शाळा सोडून गुरांमागे गेलेले, अभ्यास करवून कसा घ्यायचा हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

धान निसवलं तेव्हा त्यांना युक्ती सुचली. लोंब्या भरू लागल्या की सकाळ-संध्याकाळ पोपटांचे थवे उतरतात, म्हणून घरातल्या कुणीतरी मचाणावर बसून ओरडत राहावं लागतं. अन्नपूर्णेनं शाळेआधी आणि शाळेनंतर मचाणावर बसायचं आणि नुसतं ओरडण्याऐवजी पुस्तक वाचायचं, तेही खच्चून. झालं, पोरीला रोजचा नेम लागला. लढाया, नद्या, अपूर्णांकांचे नियम सगळं धानाच्या बांधीभर घुमू लागलं. पोपट खरंच फिरकेनात. "एकाच आवाजात दोन कामं," असं मुखरूभाऊ ज्याला त्याला सांगत सुटले. आणखी दोन घरांनी आपापली पोरं मचाणावर चढवली.

दिवाळीच्या तोंडावर सहामाहीचा निकाल लागला आणि अन्नपूर्णा चार विषयांत नापास झाली.

गुणवंतराव गुरुजींनी मुखरूभाऊंना बोलावून घेतलं. "पोरगी ढ नाही हो," ते म्हणाले. "पेपर लिहिताना तिचे ओठ हलतात, मग आवाज चढतो. मी गप्प केलं की हातातला पेनही थांबतो." त्यांनी अन्नपूर्णेला शाळेमागच्या मोकळ्या पटांगणात नेलं आणि प्रश्न विचारला. तिनं अख्खा धडा असा घडाघडा ओरडून म्हटला की पलीकडे चरणाऱ्या गाईनं मान वर केली. एकही शब्द चुकला नव्हता.

मुखरूभाऊंचा चेहरा उतरला. पोरीचा यात काही दोष नव्हता. ओरडून शिकायला तिला आपणच लावलं, आणि परीक्षेच्या खोलीत कुणी ओरडू देत नाही हे आपल्या ध्यानातच आलं नाही. फार वाईट वाटलं त्यांना.

"आतं कसं करू, गुरुजी?"

"मनात वाचायची सवय लावा. रोज सकाळी. घरात तेवढा वेळ शांतता पाहिजे. जमेल का तुम्हाला?"

जमवलं त्यांनी. कोंबडा आरवल्यापासून ते गावची गुरं राखणारा गायकी हाळी देईपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही, असा नियम झाला. नियमाचा जाच एकट्या मुखरूभाऊंनाच. शेजारचा कोलू विडीसाठी विस्तव मागायला आला, तर त्यांनी नुसता चुलीकडे हात दाखवला. कोलूनं बाहेर जाऊन त्यांची तब्येत बिघडल्याचं सांगितलं, आणि दुपारी दोघी-तिघी विचारपूस करून गेल्या.

सुरुवातीला अन्नपूर्णेचा आवाज सुटायचाच. मग मुखरूभाऊ तिच्यापुढे येऊन बसत आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवत. हाळी आली, गुरं निघाली, की ते विचारत, "काय वाचलं, सांग." तिचं बरोबर की चूक हे त्यांना कळत नसे, पण ती अडखळली की कळे. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच धडा. थंडी सरली, मोहाची फुलं गळू लागली, तोवर तिचे ओठ हलायचे थांबले होते.

निकालाच्या दिवशी अन्नपूर्णा वाटेवरूनच ओरडत आली, "बाबा, पास झाली मी." मीराबाईंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी पुसायला काढली. मुखरूभाऊ मात्र दिवस मावळेपर्यंत गावभर बोलत फिरले. कितीतरी सकाळींचं साचलं होतं.

जूनमध्ये मावशी येऊन अन्नपूर्णेला मूलला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवला आणि मुखरूभाऊ पडवीत नेहमीच्या जागी येऊन बसले. मीराबाईंनी चहा पुढे ठेवला.

"आतं काऊन गप बसले? पोरगी तं गेली."

ते बोलले नाहीत. चहा निवला. गायकीची हाळी आली, गुरं दारावरून गेली, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

"तिकडं वाचून राह्यली असन पोरगी."

त्यानंतर मीराबाईंनी कधी विचारलं नाही. सकाळची भांडीसुद्धा त्या हाळी झाल्यावरच घासायला घेऊ लागल्या.