गरी मामाजींची होती

माझ्या मामासासऱ्यांइतका पाण्याला ओळखणारा माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं मी जितक्या चिकाटीनं टाळलं तितक्या चिकाटीनं आयुष्यात दुसरं काहीही केलं नाही. घरात त्यांचा विषय निघाला की मी चष्मा पुसायला घेतो. मुलांना वाटतं, वय झालं, बाबा हळवे झाले. तसं काही नाही. त्यांच्या गावात आजही सांगतात की म्हाताऱ्यानं तलावाचा नियम स्वतःच घातला आणि स्वतःच मोडला. ते खरं नाही. खरं काय ते माहीत असणारा मी एकटाच उरलो आहे, तेव्हा आता लिहून टाकतो.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. आमचा जिल्हा तेव्हा भंडारा होता. मी सौंदडच्या स्टेशनावर मालबाबू होतो, आणि बायकोचे मामा तिथून सायकलीनं अर्ध्या तासावरच्या गावात राहत. त्यांच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला होता. तलावाची मालकी कधीच घरातून गेली होती, पण मामाजींच्या वागण्यावरून ते कोणाच्या लक्षात येत नसे. धानाच्या बांध्यांतलं लाखोळीच्या डाळीचं पीक निघालं की पाऊस पडेपर्यंत शेतीला काम नसे, आणि ते चार महिने मामाजी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसत. गळाला आमच्याकडे गरी म्हणतात. मामाजी गरी टाकून बसत. लागलेला मासा पाळीवरून जो पहिला माणूस जाईल त्याला देऊन टाकत, कारण स्वतः ते मासे खात नसत. "काटे लागते जी," ते सांगत. मग धरता कायले, असं विचारलं तर म्हणत, "पावन्याले बोलावलं म्हनून खाऊनच टाकाव का?"

सकाळी उठल्याबरोबर ते आधी तलावावर जात. हात पाण्यात घालत नसत, कोपर घालत. हाताला शेतकऱ्याचा घट्टा पडलेला असतो, त्याला काही कळत नाही, कोपर खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग घाटाच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या ते मोजत, एक पिवळं पान पाण्यावर टाकून ते कुठं जातं ते पाहत, आणि परतताना गावात ज्याला हवं त्याला आणि नको त्यालाही हवाल सांगत. "पाचवी पायरी उघडी झाली. मासा सकारी काठाले येईन, छोट्या लाइनची गाडी गेली का खोल जाईन. आज नाल्याकडं नोका जाऊ, डबक्यातलं पानी चहासारखं झालं." गावातल्या दहांपैकी नऊ माणसांनी आयुष्यात गरी हातात धरलेली नव्हती. तरी सगळे ऐकून घेत. एखाद्या दिवशी मामाजी आजारी असले तर गावाला सकाळ झाल्यासारखं वाटत नसे.

चैत्र-वैशाख हे त्यांचे कसोटीचे दिवस. तलाव निम्मा होतो, नाल्याची धार तुटून डोह तेवढे उरतात, आणि मासा खायला मागतो पण दाखवत नाही. त्यातच लग्नसराई. माझ्या मेहुणीच्या लग्नात चौथं मंगलाष्टक चालू असताना मांडवाची झालर उलट्या बाजूला हलली. मामाजींनी मूठभर अक्षता एकदम टाकून दिल्या, "वारा फिरला" असं शेजाऱ्याच्या कानात सांगितलं आणि निघून गेले. नवरी मुलगी त्यांची सख्खी भाची. पंगतीला आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून, हातात दीड हाताची रोहू घेऊन. ती त्यांनी व्याह्यांच्या हातात दिली. व्याही माळकरी होते.

आमिषासाठी ते कणीक, तांदळाचा भाजलेला कोंडा आणि वेचून आणलेली ताजी मोहफुलं एकत्र मळत. मळता मळता चाखूनही पाहत. मामीजींचं यावर एकच म्हणणं होतं: "माशायले मोहाची पोळी अन् मानसायले आंबिल. पुढच्या जल्मी तरावातच जाईन मी." गऱ्या ते विकत आणत नसत. गोंदियाला धानगिरणीत बारदान शिवायची मोठाली दाभणं असतात. तुटकी दाभणं तिथले कामगार मामाजींसाठी डब्यात टाकून ठेवत. ती शेगडीत लाल करून वाकवायची, कानशीनं टोकाला आकडी काढायची, आणि नेढं तसंच ठेवायचं, दोरा ओवायला. अशी गरी पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाची नव्हती. दोऱ्याला मोराच्या पिसाची दांडी बांधलेली असे. ती पाण्यावर उभी राही आणि मासा तोंड लावताच डुले.

या विद्येसाठी त्यांनी वारस म्हणून मला निवडलं, ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव चुकीची पारख. सलग चार वैशाख मी त्यांच्या शेजारी बसलो आणि एकही मासा धरला नाही. "जवाई, तुमची गरी पाहून मासे रामराम करून जाते," ते म्हणत. माझ्या विकतच्या गरीचा दोरा गाठीशीच तुटे. नेढ्यात दोरा ओवून गाठ आवळायच्या आधी ती थुंकीनं ओली करायची असते, कोरडी आवळली की दोरा तिथंच जळतो आणि ओढ बसली की तुटतो. मला थुंकी लावायची लाज वाटे. मी स्टेशनचा बाबू होतो. "गाठ ओली करा जी," असं त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. तरी चौथ्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला त्यांनी डब्यातली सगळ्यात चांगली गरी माझ्या हातावर ठेवली. स्वतःच्या गऱ्या त्यांनी दुसऱ्या कोणाला कधी दिल्या नव्हत्या, आणि मला दिली हेही कोणाला सांगितलं नाही.

आता त्या नियमाबद्दल. वैशाखाच्या सुमाराला मरळ पिल्लं घेऊन फिरते. तलाव आटून कमळवेलीजवळ एक खोल जागा उरते, तिथं पाण्यात कुंकू सांडल्यासारखा पिल्लांचा लाल घोळका दिसतो आणि त्याच्याखाली मरळ असते. घोळक्याजवळ काहीही आलं तरी ती त्याच्यावर धावते, मग ते बेडूक असो की गरी. त्यामुळं ती धरायला काहीच लागत नाही. "बाकीच्या माशायले भूक धरून आनते, तिले माया," मामाजी म्हणत. म्हणून त्यांनी तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या म्होरक्याला पटवून गावासमोर, पाळीवरच्या देवीपुढं ठरवून घेतलं होतं, की पिल्लांसोबतच्या मरळीला कोणी जाळं लावायचं नाही की गरी टाकायची नाही. टाकील त्यानं या तलावात जन्मात पुन्हा गरी टाकायची नाही. ढिवरांनी हे मानलं, ही मोठी गोष्ट होती. त्यांचं पोट त्यावर होतं. मामाजींच्या शब्दावर त्यांनी मानलं.

अक्षय तृतीयेनंतर आठेक दिवसांनी मामाजी दाभणं आणायला गोंदियाला गेले. दुपारी मी एकटाच पाळीवर होतो. चौथा वैशाखही तसाच चालला होता, आणि कमळवेलीजवळ तो लाल घोळका फिरत होता. मी काय विचार केला ते सांगता आलं तर बरं झालं असतं. मी विचार केलाच नाही. एक मासा, एवढंच डोक्यात होतं. मी त्यांची ती गरी दोऱ्याला बांधली आणि टाकली. पिसाची दांडी डुलली नाही, सरळ नाहीशी झाली. काठी वाकली, दोन क्षण हातात कधी नव्हती अशी ओढ आली, आणि दोरा तुटला. गाठ कोरडी होती.

मामाजी दुसऱ्या दिवशी आले. नव्या दाभणांच्या दोन गऱ्या करून त्यांनी मला दिल्या आणि आधीची कुठं आहे म्हणून विचारलं. कमळाच्या मुळात अडकली, असं मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी मरळ काठाला लागली, मेलेली. घोळका दिसेनासा झाला होता, बगळे मात्र बरेच होते.

देवीपुढं माणसं जमली. ढिवरांच्या म्होरक्यानं मरळीच्या जबड्यातून गरी काढून मामाजींपुढं धरली. "दादाजी, हे गरी कोनाची?"

मामाजींनी ती घेतली, उलटीसुलटी केली, नेढ्यात अडकलेला दोऱ्याचा तुकडा नखानं खरवडून पाहिला. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"माहीच हाये."

"तुमी त गोंदियाले गेले होते?" म्होरक्या म्हणाला. त्याला स्वतःलाच ती कबुली नको होती.

"माही हाये म्हटलं ना गा. आनखी काय पायजे?"

"मंग सजा?"

"सजा मीच सांगतली होती. आता पुन्हा कायले विचारून राहिला?"

मी तेव्हाच पुढं यायला हवं होतं. आलो नाही. जावयाचं ताट गावात पहिल्या पंगतीत मांडतात, ते उचललं जाईल अशी मला भीती वाटली. इतकं लहान कारण होतं. घरी परतताना मामाजी माझ्यापुढं चालत होते. आंब्याखाली थांबले, मी जवळ आल्यावर हळूच म्हणाले, "गाठ ओली करून आवळत जा, जवाई," आणि पुन्हा चालू लागले.

त्यानंतर सहा वैशाख ते रोज पाळीवर बसले. काठी, दोरा, मोराच्या पिसाची दांडी, सगळं तेच. फक्त गरी नसे. तिच्या जागी दोऱ्याला गिट्टीचा खडा. गावची टवाळ माणसं विचारत, "काऊन दादाजी, लागला का?" मामाजी सांगत, "आला होता. भेटून गेला." सकाळचा हवाल ते सांगतच राहिले, पण आता लोक ऐकताना एकमेकांकडं पाहत. त्यांच्या शेजारी मी गरी टाकून बसे, कारण त्यांनी मला बसायला लावलं. कुठं टाकायची, कधी ओढायची, ते सांगत. मला मासे लागू लागले. मी गाठ ओली करत होतो. लागलेल्या प्रत्येक माशाबरोबर सांगायचं ठरवी, आणि मामाजी म्हणत, "सोडा, सोडा, दोरा ढील सोडा!" आणि तेवढ्यात वेळ निघून जाई.

सातव्या वैशाखात ते अंथरुणाला खिळले. निरोप आला तेव्हा मी वाक्य तयार केलं आणि अर्धा तास सायकलवर घोकत गेलो. वाटेत तलाव लागला. का कोण जाणे, मी उतरलो, पायऱ्या मोजल्या, पाण्यात कोपर घातलं.

मामीजींनी मला त्यांच्या खाटेजवळ बसवलं. मामाजींनी डोळे न उघडताच विचारलं, "पानी कसं हाये?"

मी सांगितलं. सातवी पायरी उघडी आहे. पाणी हातभर निवळ दिसतं. वारा मावळतीचा, पान देवीकडं जातं. नाल्याचे तीन डोह उरलेत. कमळवेलीजवळ मरळ वर येते आहे.

त्यांनी डोळे उघडले. "संग पिल्लं हायेत?"

"आहेत."

"लाल?"

"लाल."

त्यांनी डोळे पुन्हा मिटले. मग म्हणाले, "मंग तिकडं गरी नोका टाकू."

"नाही टाकत," मी म्हणालो.

तेवढंच म्हणालो. सायकलवर घोकलेलं वाक्य हे होतं: मामाजी, गरी तुमची होती, पण गाठ माझी होती, मला माफ करा.